सदा, तुझं मशीन अजून बोलतंय

सदा, तुला पोचवून आलो, आंघोळ केली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडून कॉम्प्युटर लावतो तर तू नकाशावर हजर. तुझ्या कडेगावातून निघालेल्या रेघा पार जपानपर्यंत, इटलीपर्यंत गेलेल्या. शेवटचा सिग्नल थोड्या वेळापूर्वीचा. ज्याला मी स्वतः खांदा दिला, तो जगभर आपल्या नावाची हाळी देत बसला होता. अशा वेळी माणसाला रडू यायला पाहिजे. मला तुझा राग आला, आणि तो अजून उतरलेला नाही.

हे वाचणाऱ्या सगळ्यांना आपलं वेड माहीत असेल असं नाही, म्हणून तुला ठाऊक असलेलंच तुला सांगतो. आपण हॅम रेडिओवाले. सरकारची परीक्षा द्यायची, परवाना घ्यायचा, परवान्याबरोबर मिळालेलं कॉल साइन हेच आपलं हवेतलं नाव. तू तुझ्या जुनाट कॉम्प्युटरला एक छोटा ट्रान्समीटर जोडला होतास. झिरोच्या बल्बाएवढीही वीज न खाता तो दर थोड्या वेळाने तुझं कॉल साइन आणि ठिकाण हवेत सोडायचा. जिथे ऐकू जाईल तिथला कॉम्प्युटर आपोआप नकाशावर रेघ मारायचा. लाइट गेली आणि आली तर मशीन आपलं आपण उठायचं, कुणी हात लावायची गरज नाही. याचा तुला केवढा ताठा होता.

आणि आपल्या ग्रुपची रीत तुला माहीत आहे, तीही तूच लष्करातून आणलेली. आपल्यातला कुणी गेला की सकाळच्या नेटवर, म्हणजे सातारा-सांगलीकडचे सगळे एका फ्रीक्वेन्सीवर जमून हजेरी देतात तेव्हा, नेट चालवणाऱ्याने त्याला त्याच्या कॉल साइनने तीनदा हाक मारायची. प्रत्येक हाकेनंतर उत्तराला जागा सोडायची. उत्तर येत नाही. मग ते नाव हजेरीतून उतरतं. नेट मी चालवतो, म्हणजे हाका मलाच मारायच्या होत्या. तेवढ्यात कोयनानगरच्या पवार सरांचा फोन आला. म्हणाले, बाळासाहेब, तो तर अजून हवेत आहे, जित्या कॉल साइनला मेल्याची हाक कशी मारायची? सर खरं बोलत होते. शिवाय परवाना माणसाबरोबर संपतो. त्यानंतर ते नाव हवेत जाणं नियमात बसत नाही, आणि आपल्या मनातही बसत नाही. तुझं मशीन बंद केल्याशिवाय तुला निरोप देता येईना. मेल्यावरसुद्धा तू नेट अडवून बसलास.

आपलं भांडण त्याच मशीनवरून सुरू झालं होतं. परीक्षेला आपण शेजारी बसलो होतो. तू लष्कराच्या सिग्नल विभागातून रिटायर होऊन आलेला, मोर्स कोड तुझ्या बोटांत. मी कोरेगावात कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान टाकून बसलेला, कोड ऐकून घाम फुटलेला. बाहेर चहा पिताना तू विचारलंस, रेडिओला कुठलं मशीन लावणार. मी म्हणालो, विंडोज, दुसरं काय? तू कप खाली ठेवलास आणि माझ्याकडे असं बघितलंस, की जणू मी तुझी मेंढरं विकून आलोय.

तुझं म्हणणं होतं लिनक्स. फुकट मिळतं, भंगारातल्या मशीनवर चालतं, कुणाला विचारावं लागत नाही. माझं म्हणणं होतं की मी रोज दुकानात बघतो, लोकांना खिडक्या उघडायच्या नि बंद करायच्या कळतात, तुझी नुसत्या अक्षरांची काळी स्क्रीन बघून माणूस हात आखडतो. रेडिओची सगळी सॉफ्टवेअरं विंडोजवर एका क्लिकमध्ये बसतात. तू म्हणायचास, बसतात, पण उठवायला कंपनी लागती. एकदा पुसेसावळीच्या बाजारात, भर रस्त्यात, गवार निवडणाऱ्या बायांच्या समोर तू मला सुनावलंस, "माझा आज्जा रानात शिट्टी मारायचा आन् कळप वळायचा. त्या शिट्टीला कवा अपडेट मागितलेलं न्हाई." मी म्हणालो, तुझ्या आज्ज्याची शिट्टी तुझ्या आज्ज्यालाच वाजवता येत होती. बाया हसल्या. तू दोन दिवस नेटवर माझ्याशी कामापुरतं बोललास.

कोयनानगरची भूकंपाची तालीम आठवते ना? रस्ते तुटले, मोबाइल बंद, असं धरून आपण शाळेतून मजकूर पाठवायचा होता. बोलून नाही, कॉम्प्युटरने कॉम्प्युटरला. या पद्धतीत दोन्हीकडची घड्याळं सेकंदाला सेकंद जुळावी लागतात, नाहीतर समोरच्याला नुसती खरखर मिळते. आणि तू काय केलेलंस? तत्त्व म्हणून मशीन इंटरनेटला लावायचं नाही, आणि आतला घड्याळाचा सेल मेलेला. सकाळभर तू पाठवत राहिलास आणि कुणाला अक्षर मिळालं नाही. तू म्हणालास, डोंगर आडवा येतोय. त्याच डोंगरावरून माझा मजकूर पोचत होता. शेवटी मी तुझ्या स्क्रीनवरचं घड्याळ नि माझं घड्याळ शेजारी धरलं. तू माझ्या मनगटावरच्या घड्याळाला नावं ठेवलीस. चुकलो असं मात्र म्हणाला नाहीस.

पण पुढच्या वेळी तुझ्या घरी आलो तर पत्र्यावर जीपीएसची डबी बसवलेली. उपग्रहाकडून वेळ घेणारी. मी तिच्याकडे बघितलं, तू माझ्याकडे बघितलंस आणि वहिनींना चहा ठेवायला सांगितलंस. ही तुझी जुनी खोड. चूक दुरुस्त करणार, पण कबूल करणार नाही.

सांगलीला पूर आला तेव्हा मात्र माझी पाळी होती. पूरग्रस्तांना ठेवलेल्या तिथल्या शाळेत मी नवा लॅपटॉप घेऊन गेलेलो. रेडिओची केबल जोडली तर लॅपटॉप तिला ओळखेना, ड्रायव्हर मागायला लागला. ड्रायव्हर म्हणजे केबलची नि मशीनची ओळख करून देणारा छोटा प्रोग्रॅम, तो इंटरनेटवरून उतरवायचा. आणि इंटरनेट पाण्यात गेलेलं, म्हणूनच तर आपल्याला बोलावलेलं. घरून निघताना एकदा केबल जोडून बघायचं मला सुचलं नव्हतं. तू तुझं ते डबडं काढलंस, तीच केबल लावलीस, आणि त्याने काही न विचारता काम सुरू केलं. त्या दिवसापासून नेट संपताना, सगळे नमस्कार-चमत्कार झाल्यावर, तू रोज एकच प्रश्न टाकायचास. ड्रायव्हर मिळाला का रं, बाळ्या? पलीकडे साताऱ्यापासून जतपर्यंत सगळे खिदळायचे. मी कधीच उत्तर दिलं नाही. सेव्हन्टी थ्री, म्हणजे आपला हवेतला रामराम, म्हणून माइकचं बटण सोडून द्यायचो.

पण त्या पुरात आणखी एक गोष्ट झाली, ती तू कधी नेटवर सांगितली नाहीस. दुपारी बॅटरी उतरायला लागली म्हणून तू दुसरी आणायला बोटीतून गेलास. तू गेल्यावर शाळेत आसऱ्याला आलेल्या एका म्हातारीची मुलगी आली. आईचं इन्सुलिन संपलंय, कुठूनतरी निरोप धाडा म्हणाली. निरोप पाठवायचं मशीन समोर होतं. तुझं. काळी स्क्रीन, त्यावर पांढरी रेघ लुकलुकतेय, आणि त्यावर टाइप करायच्या आज्ञा तुझ्या डोक्यात, तुझ्याबरोबर बोटीत. मी दुकानदार माणूस, आयुष्य कॉम्प्युटर उघडण्यात गेलेलं, आणि मी तिथे नुसती बोटं आपटत बसलो. रेडिओ त्याच मशीनला बांधलेला, तो सोडवून घ्यायची माझी हिंमत झाली नाही. ती मुलगी माझ्या तोंडाकडे बघत उभी होती. तू परत आलास, दोन ओळी टाइप केल्यास, निरोप गेला, औषध आलं. म्हातारी वाचली. पण मध्ये जो वेळ गेला, त्यात मी तुला आयुष्यात दिल्या नाहीत एवढ्या शिव्या मनात दिल्या.

त्या संध्याकाळी शाळेच्या पायरीवर मी तुला विचारलं, "सदा, तू नसलास तर?"

तू बिडी पेटवत म्हणालास, "मी कुठं जातोय?"

आता सांग की कुठे गेलास ते. हेच तुझं उत्तर होतं. मला विंडोजचं काय पडलं होतं? कुठलंही बसव रे बाबा. माझं मागणं एवढंच होतं, की तू नसताना दुसऱ्या कुणाला ते चालवता यावं. कोण माणूस संकटाच्या वेळी मशीनसमोर बसेल सांगता येत नाही. त्याला दिसेल, कळेल, असं काहीतरी हवं. मी हे नेटवर बोललो, घरी येऊन बोललो, तुझ्या धाकट्याच्या लग्नात हळद चालू असताना बोललो. तुझं दरवेळी तेच. शिकायचं माणसानं, हातानं आज्ञा लिहायला शिकायचं. मी म्हणालो, बुडणाऱ्याला पोहायच्या क्लासला घालतोस काय? तू हसलास आणि मला जिलेबी वाढलीस.

आणि शेवटच्या नेटवर तुला धाप लागत होती. मी विचारलं, बरं वाटत नाही काय? तू म्हणालास, माइक खराब झालाय. माइक! सिग्नलमध्ये उभी हयात काढलेल्या माणसाने छातीतल्या दुखण्याचं बिल माइकवर फाडावं? वहिनी म्हणाल्या, घरी पित्त झालंय म्हणून सांगत होतास. आम्हाला माइक, बायकोला पित्त. खरं काय ते फक्त तुला ठाऊक, जसं त्या काळ्या स्क्रीनचं. तुझ्या शरीराचीही आज्ञा तू कुणाला सांगून ठेवली नाहीस. कराडचा दवाखाना तासाभराच्या अंतरावर आहे. मी गाडी घेऊन आलो असतो. नुसतं ये म्हणायचं होतंस, सदा.

तर पवार सरांच्या फोननंतर मी रहिमतपूर, पुसेसावळी करत तुझ्या घरी आलो. दारात पाव्हणेरावळे बसलेले. शालन वहिनी आत भिंतीला टेकून होत्या. तुझ्या खोलीत मशीन चालूच, ट्रान्समीटरवरचा तांबडा दिवा मध्येच लागायचा नि जायचा. पाव्हण्यांसमोर जास्त बोलणं बरं दिसेना. मी वहिनींना एवढंच म्हणालो, की हे बंद करावं लागेल, नियम आहे. मी ट्रान्समीटरची वायर काढली, दिवा विझला, आणि परत आलो. येताना वाटेत वाटलं, चला, एवढं तरी काम केलं.

सकाळी बघतो तर तू पुन्हा नकाशावर.

त्या वेळी माझं डोकं खरंच फिरलं. तुझ्यावर, तुझ्या मशीनवर आणि, खोटं कशाला बोलू, वहिनींवरही. मी दुकानातून पेन ड्राइव्ह उचलला. त्याच्यात विंडोज भरलेलं होतं. ठरवलं की तुझी हार्ड डिस्क पुसून टाकायची, साधं, सगळ्यांना कळेल असं बसवायचं आणि मशीन ग्रुपला देऊन टाकायचं. पासवर्ड विचारला तरी हरकत नव्हती, पुसायला पासवर्ड लागत नाही. इतक्या वर्षांचं भांडण मी एका दुपारी जिंकणार होतो. तू आडवा यायला नव्हतास.

पाव्हणे पांगले होते. वहिनी तुझ्या खोलीतच बसलेल्या, दिव्याकडे बघत. मी जरा चढ्या आवाजात विचारलं, वायर कुणी लावली? त्या म्हणाल्या, मी. मी म्हणालो, वहिनी, असं चालत नाही, आम्हाला त्याला हाका मारायच्या आहेत, तो असा बोलत राहिला तर आम्ही निरोप कसा द्यायचा? त्यांनी माझ्याकडे बघितलं. "आवं भावजी, तुमी वायर उपटली म्हून लावली. असं उपटत्यात व्हय? ह्यांनी मला बंद करायची रीत दावलीय."

मला वाटलं, बाई दुःखात काहीतरी बोलतेय. त्यांनी पडद्यावर टाकलेलं फडकं काढलं आणि माउस हलवला. पासवर्ड मागितलाच नाही. आणि सदा, समोर काळी स्क्रीन नव्हती. हिरवं रान असलेला एक फोटो, तुझ्या वाडीचाच माळ असावा, आणि त्यावर चार मोठी चित्रं. खाली मराठीत लिहिलेलं, आणि लिहिणाराही तूच, दुसरं कोण असं लिहील. चालू कर. बंद कर. घड्याळ बघ. मेसेज धाड.

तुला मी इतकी वर्षं जे कर म्हणत होतो, ते तू केलं होतंस. लिनक्सवरच केलं होतंस, हट्ट सोडला नाहीसच. पण केलं होतंस. कुणीही बसावं, वाचावं, दाबावं. पुरातली ती मुलगीसुद्धा स्वतः बसली असती तर तिला जमलं असतं. मी वहिनींना विचारलं, हे कधी केलं त्याने? त्या म्हणाल्या, दिवाळीपासनं रोज जेवणं झाली की ह्याच्यापुढंच बसायचे, मला हाताशी धरून बघायचे, शालनला कळलं तर समद्यांना कळंल म्हणायचे.

"मग मला का सांगितलं नाही?"

"सांगनार हुते की. एक बटन हुईना झालंय म्हनले. ते झालं की बाळ्याला बोलवतो, मटान करू, आन् त्याच्या तोंडावर हरलो म्हून सांगतो. पुरं झाल्याबिगर न्हाई म्हनले."

मी 'मेसेज धाड'वर दाबून बघितलं. काहीच झालं नाही. तेच अर्धं राहिलेलं.

सदा, हरलो म्हणायलासुद्धा तुला सगळं पुरं व्हायला लागत होतं? अर्धवट घेऊन आला असतास तर मी काय हाकलून दिलं असतं? ते बटण मी करून दिलं असतं रे. दोघांनी बसून केलं असतं, भांडत केलं असतं, तू मला गाढव म्हणाला असतास, मी तुला धनगर म्हणालो असतो. मला ते हरलो नकोच होतं. मला तुझं बोलावणं हवं होतं, दिवाळीपासून रोज तू ते पुढे ढकलत राहिलास, आणि मी इकडे कोरेगावात बसून तुला हट्टी म्हातारा म्हणत राहिलो. याचा मी आता कुणावर राग काढू? तूच सांग.

बंद करायला मी हात पुढे केला, तर वहिनींनी माउस सोडला नाही. म्हणाल्या, मी करते. दिवा लागायची त्यांनी वाट बघितली. तो एकदा लागला, जगाला तुझं नाव सांगून विझला, आणि मग त्यांनी 'बंद कर' दाबलं. मशीन थोडा वेळ घरघरलं आणि थांबलं. त्या म्हणाल्या, तो दिवा लागला की हे आत बसल्यात असं वाटायचं. मग पदराने स्क्रीन पुसली आणि फडकं परत टाकलं.

खिशातला पेन ड्राइव्ह मी त्याआधीच, मशीन चालू होतं तेव्हा, रिकामा केला होता आणि वहिनींना विचारून तुझं सगळं त्यात उतरवून घेतलं होतं. मशीनला धक्का लावला नाही. दुकानात येऊन तो जुना लॅपटॉप काढला, सांगलीच्या पुरात तोंडघशी पडलेला. त्याच्यावर तुझं ते लिनक्स बसवलं. हातातून चुकत होतं, चिडत होतो, तुला हाका मारून विचारायची सवय, ती आवरत होतो. मग तीच केबल जोडली. त्याने ओळखली. ड्रायव्हर मागितला नाही.

दुसऱ्या दिवशी नकाशावर कडेगाव रिकामं होतं. सकाळच्या नेटवर सगळे आले, कधी न येणारेही आले. मी तुझं कॉल साइन घेऊन पहिली हाक मारली. जागा सोडली. दुसरी मारली. पवार सरांच्या बाजूने कुणाचा तरी नाक ओढल्याचा आवाज आला, बहुतेक सरांचंच बटण दाबलेलं राहिलं होतं. तिसरी मारली. त्या जागेत प्रत्येक जण काय ऐकायला थांबलाय हे मला ठाऊक होतं. मीही त्यालाच थांबलो होतो. हजेरीतून नाव उतरवायचं, दोन शब्द बोलायचे, असं सगळं ठरवून आलो होतो, त्यातलं काही आठवेना.

मी बटण दाबलं आणि म्हणालो, "मिळाला रं, सदा."

आणि सवयीने बटण सोडून, तू काय म्हणतोस ते ऐकायला थांबलो.